ध्वनिमुद्रणांची तुलना : बरोक ऑर्गन व कक्षसंगीत

एकाच रचनेची निरनिराळ्या वादकांनी, निरनिराळ्या वाद्यांवर आणि निरनिराळ्या काळात केलेली ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकून त्यांतला फरक पारखण्याची पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रसिकांमधील प्रथा. बरोक काळातल्या, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतल्या संगीताबाबत ती विशेष रुजली, आणि याचे कारण त्या काळच्या स्वरलेखनात आहे. संगीतकार स्वर लिहून ठेवी. लय किती, आवाज किती, अलंकार कुठे, कधीकधी तर वाद्य कोणते, हेही तो वादकावर सोडी. कागदावर जितके कमी लिहिलेले, तितकी दोन वादनांत तफावत अधिक.

ऑर्गन म्हणजे येथे चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन. मराठी संगीत नाटकात साथीला असे तो ऑर्गन रीडचा. त्याचे कुळ पायपेटीचे. नळ्यांचा ऑर्गन हा इमारतीचाच एक भाग असतो आणि सहसा जागचा हलत नाही. हँबुर्गच्या मठासाठी आर्प श्निटगरने १६८० साली बांधलेला ऑर्गन १८१६ मध्ये काप्पेल या लहानशा गावात नेला गेला, हा अपवाद. एरवी वादकालाच वाद्याकडे जावे लागते. फ्रायबेर्गच्या कॅथीड्रलमधला गॉटफ्रीड झिल्बरमानचा ऑर्गन (१७१४) आणि नाउम्बुर्गच्या चर्चमधला झखारियास हिल्डेब्रांटचा ऑर्गन एकाच संध्याकाळी ऐकणे ध्वनिमुद्रणाशिवाय कोणालाही शक्य नाही. नाउम्बुर्गचे वाद्य तर १७४६ मध्ये बरोक काळातला थोर जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख आणि झिल्बरमान या दोघांनी तपासून पसंत केले होते, त्यामुळे बाखचे चाहते त्यावरच्या मुद्रणांची आवर्जून वाट पाहतात.

म्हणून ऑर्गनच्या मुद्रणांची तुलना ही आधी वाद्यांची आणि वास्तूंची तुलना असते, वादकांची नंतर. हा क्रम विसरला की निवाडा चुकतो. दगडी, उंच छताच्या चर्चमध्ये स्वर सोडल्यावरही काही सेकंद घुमत राहतो. तिथे वादकाने लय थोडी सैल ठेवली आणि दोन स्वरांमध्ये फट सोडली, तर तो त्याचा स्वभाव नसून जागेची गरज असते. तीच लय कोरड्या सभागृहात रेंगाळल्यासारखी वाटेल. मायक्रोफोन नळ्यांजवळ ठेवला तर स्वर सुटे ऐकू येतात, पण चर्च हरवते. दूर ठेवला तर उलटे. पट्टीचाही प्रश्न आहे. उत्तर जर्मनीतले जुने ऑर्गन आजच्या पट्टीपेक्षा बरेच चढे असतात. हँबुर्गच्या याकोबी चर्चमधले श्निटगरचे वाद्य जवळजवळ एक पूर्ण स्वर वर आहे. याउलट बरोक कक्षसंगीत (मोजक्या वादकांचे संगीत) वाजवणारे आजचे बहुतेक गट अर्धा स्वर खाली, म्हणजे ‘ए’ हा स्वर ४१५ हर्ट्‌झला जुळवतात. जुन्या ऑर्गनांची स्वरजुळणीही आजच्यासारखी बारा समान भागांची असेलच असे नाही. असमान जुळणीत नेहमीची स्वरमंडळे (इंग्रजीत ‘की’) शांत लागतात, तर दूरच्या स्वरमंडळांत शिरताच एक तिखटपणा येतो. ज्याने फक्त समान जुळणी ऐकली आहे त्याला तो दोष वाटतो. संगीतकाराने त्या तिखटपणाचा हिशेब धरूनच लिहिले असण्याची शक्यता मात्र मोठी आहे.

या सर्वांतून वादक वेगळा काढायचा, तर एकाच वादकाने तेच संगीत पुन्हा मुद्रित केलेले असणे फार उपयोगी पडते, आणि बाखच्या बाबतीत ही सोय आहे. तरुणपणी दृष्टी गमावलेले जर्मन वादक हेल्मुट वाल्खा (१९०७–१९९१) एकेक स्वररेषा दुसऱ्याकडून वाजवून घेऊन पाठ करीत आणि मग त्या मनात जुळवीत. ‘आर्किव्ह’ या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी त्यांनी बाखची ऑर्गनरचना दोनदा मुद्रित केली. पहिली मालिका (१९४७–५२) ल्यूबेकच्या याकोबी चर्चमधल्या लहान ऑर्गनवर आणि काप्पेलला झाली. ती मोनो आहे. दुसरी १९५६ ते १९७१ या काळात आल्कमार आणि स्ट्रासबुर्ग येथे स्टिरिओत झाली. लय ठाम, प्रत्येक स्वररेषा स्वच्छ, हा त्यांचा बाणा दोन्हींत तोच. त्यामुळे दोहोंत जो फरक ऐकू येतो त्यातला बराचसा वाद्याचा आणि मुद्रणतंत्राचा आहे. फ्रेंच वादक मारी-क्लेअर आलां (१९२६–२०१३) यांची गोष्ट वेगळी. त्यांनी हे काम तीनदा केले आणि प्रत्येक वेळी त्यांचा विचार पुढे सरकला; तिसरी मालिका मुख्यतः ऐतिहासिक ऑर्गनांवर आहे. तिन्ही ऐकणाऱ्याला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाखविषयीची समज कशी बदलत गेली याचा इतिहासच मिळतो. त्याआधीचा एक दुवा म्हणजे ऑर्गनवादक आणि बाखचे अभ्यासक आल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९३५ मध्ये लंडनच्या ऑल हॅलोज चर्चमध्ये केलेली मुद्रणे. पुढे महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात तो ऑर्गन नष्ट झाला, तेव्हा त्याचा आवाज आता फक्त या ध्वनिमुद्रिकांत उरला आहे.

तुलनेसाठी एकच रचना निवडायची झाली तर बाखची सी मायनरमधली पॅसाकाल्या (बीडब्ल्यूव्ही, म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक, ५८२) घ्यावी. पायांच्या पट्ट्यांवर आठ मात्राखंडांचा विषय एकटाच येतो, त्यावर वीस आवर्तने होतात आणि शेवटी फ्यूग, म्हणजे एकच विषय एकामागून एक स्वररेषांनी उचलण्याचा प्रकार. कोणत्या आवर्तनाला कोणत्या नळ्या लावायच्या, याबद्दल बाखची सूचना नाही. त्याच्या ऑर्गनरचनांत अशा सूचना एकूणच विरळ आहेत. काही वादक पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत ऑर्गन पूर्ण आवाजात ठेवतात, तर काही दर दोन-तीन आवर्तनांनी रंग बदलतात. पहिल्या पद्धतीत रचनेची भव्यता एकसंध राहते. दुसरीत मधली विरळ आवर्तने, जिथे विषय पायांकडून हातांकडे जातो, उठून दिसतात. माझ्या मते पहिली पद्धत उत्तम जुन्या वाद्यावरच तोलते, कारण तिथे पूर्ण आवाजही कान दमवत नाही. चाहते या एका रचनेची मुद्रणे आयुष्यभर जमवतात, त्याचे नवल वाटू नये.

ऑर्गन आणि कक्षसंगीत यांना जोडणारा पूल म्हणजे बाखच्या सहा ट्रिओ सोनाटा (बीडब्ल्यूव्ही ५२५–५३०). दोन हात आणि पाय मिळून तीन स्वतंत्र स्वररेषा. अनेक गटांनी त्या व्हायोलिन, बासरी आणि हार्पसिकॉर्डवरही वाजवल्या आहेत. ऑर्गनवर दोन्ही हातांच्या नळ्यांचा समतोल कसा साधला, यावर कान ठेवावा. वाद्यवृंदात श्वास आणि गज कुठे तुटतात, यावर.

कक्षसंगीतात, म्हणजे मोजक्या वादकांनी आणि बहुधा प्रत्येक स्वररेषेला एकेकाने वाजवायच्या संगीतात, वादाचे मुद्दे निराळे. बाखच्या १७४७ च्या ‘म्युझिकल ऑफरिंग’मध्ये ट्रिओ सोनाटाला बासरी, व्हायोलिन आणि खर्जसाथ असे नेमके सांगितले आहे, पण सहा स्वररेषांचा रिचेरकार (फ्यूगसारखाच एक प्रकार) कोणत्या वाद्यांवर आणि सगळे भाग कोणत्या क्रमाने, हे प्रत्येक गट स्वतः ठरवतो. इटालियन संगीतकार कोरेल्लीच्या ओपस ५ (त्याचा पाचवा प्रकाशित संच) मधल्या व्हायोलिन सोनाटा (१७००) घेतल्या तर संथ भागांत छापील स्वर थोडेच असतात. आम्स्टरडॅमच्या रॉजे या प्रकाशकाने १७१० च्या सुमारास अलंकारांसह आवृत्ती काढली आणि ते अलंकार कोरेल्लीचेच असल्याचे सांगितले. कोणी ते जसेच्या तसे घेतो, कोणी स्वतःचे रचतो, कोणी अगदी साधे वाजवतो.

बाखच्या सहा ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्टोंची (१७२१) मुद्रणे तपासताना जाणकार तिसऱ्याच्या मधल्या भागाकडे आधी जातात. तिथे बाखने फक्त दोन स्वरसंघात लिहिले आहेत. ते नुसते वाजवून पुढे जायचे, व्हायोलिनने वर काही रचायचे, की दुसऱ्या रचनेतला संथ भाग आणून बसवायचा, यावरून त्या गटाची वृत्ती कळते. पाचव्यातली मोठी कॅडेन्झा, म्हणजे एकट्या वाद्याचा लांब भाग, १९३५ च्या आडोल्फ बुश यांच्या मुद्रणात रुडॉल्फ झेर्किन यांनी पियानोवर वाजवली आहे. पुढे हार्नोनकोर्ट (१९६४), लेओनहार्ट (१९७० चे दशक) आणि राइनहार्ड गोएबेल यांचा म्यूझिका आंटिक्वा कोल्न (१९८० चे दशक) यांनी हे कॉन्चेर्टो जुन्या वाद्यांवर मुद्रित केले. गोएबेल यांची सहाव्या कॉन्चेर्टोची लय अजूनही वाद पेटवते. जुने वाद्य म्हणजे आपोआप बरोबर, असे मात्र नाही. बुश यांच्या मंडळींचे परस्परांचे ऐकणे पियानो असूनही इतके जिवंत आहे की ते मुद्रण बाद करता येत नाही.

तुलनेला सार्वजनिक रूप नियतकालिके आणि रेडिओने दिले. ब्रिटनमध्ये ‘ग्रामोफोन’ मासिक १९२३ पासून निघते. बीबीसीच्या ‘बिल्डिंग अ लायब्ररी’ या सदरात १९५७ पासून एका रचनेची उपलब्ध मुद्रणे ऐकवून त्यांतले एक सुचवले जाते. फ्रेंच रेडिओवर वादकाचे नाव न सांगता ऐकवण्याची पद्धत रूढ झाली, आणि तीच अधिक प्रामाणिक आहे. नाव कळले की कान त्या नावाला शोभेल तेच ऐकू लागतो. घरी तुलना करणाऱ्याने निदान दोन्ही मुद्रणांचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण किंचित मोठे वाजणारे मुद्रण नेहमीच अधिक चांगले भासते.

ध्वनिमुद्रिकेसोबत येणाऱ्या पुस्तिकेत ऑर्गनच्या नळ्यांची यादी, पट्टी, जुळणी आणि पुष्कळदा प्रत्येक भागासाठी वापरलेली नळ्यांची निवडही छापलेली असे. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवांत मुद्रणे विपुल आहेत, पण ही पुस्तिका सहसा मिळत नाही. कधी वाद्याचे नावही नसते. ऑर्गनसंगीतात हे नुकसान मोठे आहे. आता तर ऐतिहासिक ऑर्गनच्या एकेका नळीचा आवाज टिपून तो संगणकावर भरतात आणि वादक घरच्या कीबोर्डवर तो वाजवतो. अशी मुद्रणे खऱ्या चर्चमधल्या मुद्रणांच्या रांगेत बसवावीत की नाही, याबद्दल चाहत्यांत एकमत नाही.