नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज: गाडी कुठे अडली आणि कधीपासून

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नवा कोरा लॅपटॉप काउंटरवर ठेवून गिऱ्हाईक म्हणायचं, "यातली काढून जुनी मारून द्या." 'मारून द्या' म्हणजे फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या, आणि 'जुनी' म्हणजे कधी एक्सपी, कधी सेव्हन. आता गिऱ्हाईक विंडोज टेन मागतं. मागणी वीस वर्षं तीच आहे, पण ती पुरी करणं दर पिढीला अवघड होत गेलं. आधी ते कसबाचं काम होतं. पुढे त्यात परवानगीचा प्रश्न शिरला.

सुरुवात विंडोज एक्सपीपासून करू. ती २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि पुढची पाच वर्षं तिच्या जागी दुसरी आलीच नाही. एवढ्या काळात लोकांचे हात तिच्यावर बसले, कार्यालयांची सॉफ्टवेअरं तिच्यावर घडली. ३० जानेवारी २००७ ला व्हिस्टा आली तेव्हा एक जीबी रॅमचे लॅपटॉप तिच्या ओझ्याने धापा टाकू लागले आणि मंडळी परत एक्सपीकडे वळली. मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातही ही वाट होती. व्हिस्टा बिझनेस किंवा अल्टिमेट असलेल्या मशीनवर एक्सपी प्रोफेशनल टाकण्याचा हक्क मिळायचा, त्याला डाउनग्रेड राइट्स म्हणत. घरगुती आवृत्तीला तो हक्क नव्हता.

आपल्याकडे याला आणखी एक पैलू होता. भारतात 'डॉसवाला लॅपटॉप' नावाची चीज राजरोस विकली जायची. आत विंडोजऐवजी फक्त फ्रीडॉस ही फुकटातली साधी यंत्रणा, त्यामुळे किंमत काही हजारांनी कमी. घरी नेऊन कुणी डॉस वापरत बसणार नव्हतं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असायचं. मग पुढची पायरी म्हणजे ओळखीचा पोरगा आणि त्याच्या पाउचमधली सीडी. ती बहुतेक वेळा चोरीचीच असे, हे मान्य करून पुढे जाऊ.

मराठी छापखान्यांकडे जुनं धरून बसण्याचं याहून सबळ कारण होतं. पानं जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची ७.० ही २००१ सालची शेवटची आवृत्ती, आणि तिला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरांची सामायिक पद्धत, कळत नाही. त्यामुळे पत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रकं असा सगळा मजकूर जुन्या आठ-बिटी फॉन्टांत बसवला जायचा. त्यासाठी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम. हजारो फायली अशा फॉन्टांत अडकलेल्या असताना डीटीपीवाला, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवणारा, सहजासहजी विंडोज बदलत नाही. एक्सपीत युनिकोड मराठी नव्हती असं मात्र नाही. मंगल फॉन्ट होता, इनस्क्रिप्ट कीबोर्ड होता. फक्त कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागायची, आणि खूण केली की विंडोज लगेच मूळ सीडी मागायची. ती सीडी कुणाकडे सापडेल तर शपथ.

तर, २००७-०८ च्या लॅपटॉपवर एक्सपी टाकताना काय व्हायचं? सीडी चालू झाली की निळ्या पडद्यावर तळाला एक पांढरी पट्टी यायची. त्यावर काही सेकंद एक ओळ झळकायची: बाहेरचा स्कझी किंवा रेड ड्रायव्हर टाकायचा असेल तर एफ६ दाबा. नव्वद टक्के लोक ती ओळ वाचायचेच नाहीत. पुढे फायली मोजत सेटअप 'विंडोज सुरू होत आहे' इथपर्यंत यायचा आणि तिथेच निळा पडदा: स्टॉप, शून्य-शून्य-शून्य करत शेवटी ७बी. अर्थ असा की ज्या डिस्कवर बसायचं ती डिस्कच विंडोजला सापडत नाही.

सापडणार कशी? डिस्कशी बोलण्याची एएचसीआय ही पद्धत २००४ ची आणि एक्सपी २००१ ची. जन्माच्या वेळी जी भाषा नव्हतीच ती तिला येणं शक्य नव्हतं. तिला दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, द्यायची सोय एफ६ मध्ये होती. पण एक्सपीचा सेटअप तो ड्रायव्हर फक्त 'ए' ड्राइव्हमधून, म्हणजे फ्लॉपीवरून घ्यायचा, आणि लॅपटॉपमधून फ्लॉपी ड्राइव्ह तोवर हद्दपार झाला होता. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मिळायचे, पण सेटअप त्यांतली मोजकीच मॉडेलं ओळखायचा.

यावर दोन तोडगे रुळले. एक आळशी: बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, जाऊन साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड एएचसीआयवरून आयडीई किंवा 'कम्पॅटिबल' करायचा. मग नवी डिस्क जुन्या डिस्कचं सोंग घ्यायची आणि एक्सपी गुमान बसायची. दुसरा कारागिराचा: एनलाइट या सॉफ्टवेअरने एक्सपीची सीडी उलगडायची, आत ड्रायव्हर घुसवायचा आणि पुन्हा सीडी जाळायची. अशी 'साटावाली एक्सपी' ज्याच्याकडे असे तो त्या काळात पेठेतला मातब्बर. हार्डवेअर मात्र या सगळ्यात तुमच्याच बाजूने होतं, हे ध्यानात ठेवा. बायोस जुनं सोंग घ्यायला तयार असायचा.

२२ ऑक्टोबर २००९ ला विंडोज सेव्हन आली आणि काही वर्षं हा विषय थंडावला. एक्सपीवाचून अडणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सेव्हनच्या प्रोफेशनल, एंटरप्राइज आणि अल्टिमेट आवृत्त्यांना 'एक्सपी मोड' दिला, म्हणजे सेव्हनच्या पोटात व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या लटक्या कॉम्प्युटरमध्ये) चालणारी अधिकृत एक्सपी. माझ्या मते जुन्या-नव्याच्या या भांडणात मायक्रोसॉफ्टने केलेली ती सगळ्यात शहाणपणाची तडजोड होती. विंडोज एटमध्ये ती राहिली नाही.

एट आली २६ ऑक्टोबर २०१२ ला, आणि तिच्यासोबत लॅपटॉपचा पायाच बदलला. बायोसच्या जागी त्याचा नवा अवतार यूईएफआय, डिस्कचे भाग पाडण्याच्या एमबीआर पद्धतीच्या जागी जीपीटी, आणि वर सिक्युअर बूट, म्हणजे सही-शिक्क्याशिवाय कुठलीही यंत्रणा सुरू न होऊ देणारा द्वारपाल. स्टार्ट बटण गेलं म्हणून लोक एटवर जाम चिडले होते. सेव्हन परत टाकायची तर आधी सिक्युअर बूट बंद, मग सीएसएम, म्हणजे यूईएफआयने बायोसचं सोंग घेण्याची सोय, चालू. सेव्हनची ६४-बिट आवृत्ती यूईएफआयवर चालते असं कागदोपत्री होतं. पण पडदा रंगवायला तिला जुन्या व्हीजीए बायोसची हाक लागायचीच. ती हाक कुणी ऐकली नाही की सेव्हन चार रंगांचे ठिपके एकत्र येतात त्या लोगोवर थिजायची. सेव्हनची ३२-बिट आवृत्ती तर यूईएफआयमधून सुरूच होत नाही.

खरी कोंडी झाली २०१५ मध्ये, इंटेलच्या प्रोसेसरची सहावी पिढी 'स्कायलेक' आली तेव्हा. एका ओळखीच्या डीटीपीवाल्या काकांनी पुढच्याच, सातव्या पिढीचा लॅपटॉप घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. "तुझ्या त्या टेनमध्ये माझं टायपिंग नीट बसत नाही रे. सेव्हन टाक." लॅपटॉपला डीव्हीडी नव्हती. पेनड्राइव्ह बनवला, लावला, सेटअप झकास सुरू झाला. भाषा विचारली, 'इन्स्टॉल नाऊ' आलं, एंटर दाबलं. आणि संदेश आला की सीडी-डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर मिळत नाही, असल्यास तो आत घाला.

"सीडी कुठंय याला?" काका म्हणाले. रास्त प्रश्न होता.

गंमत अशी. सुरुवातीला पेनड्राइव्ह वाचतो तो मदरबोर्डवरचा फर्मवेअर, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय. तो सेटअपची छोटी विंडोज रॅममध्ये चढवतो आणि बाजूला होतो. तिथून पुढे विंडोजने स्वतःच्या ड्रायव्हरांवर निभवायचं. सेव्हनला २००९ च्या माहेरातून यूएसबी २.० चा ड्रायव्हर मिळालेला, यूएसबी ३.० चा नाही. आधीच्या पिढ्यांत चिपसेटवर यूएसबी २.० चा वेगळा कंट्रोलर शिल्लक असायचा, त्यावर ती भागवायची. स्कायलेकच्या चिपसेटमधून इंटेलने तोच काढून टाकला. त्यामुळे ज्या शिडीने सेव्हन वर आली तीच तिला दिसेना. माउस बंद, टचपॅड बंद. लॅपटॉपचा कीबोर्ड आतून जुन्या पीएस-टू पद्धतीने जोडलेला, म्हणून तेवढा चालू होता. डेस्कटॉपवाल्यांना तेही नशीब नव्हतं.

डिस्कचीही तीच कथा. एनव्हीएमई या नव्या पद्धतीने जोडलेल्या एसएसडी डिस्कचा ड्रायव्हर मूळ सेव्हनमध्ये नाही. मायक्रोसॉफ्टने तो मागाहून एका हॉटफिक्समधून दिला, पण तो सेटअपमध्ये आधीच मिसळलेला नसेल तर डिस्कची यादी रिकामी. कुणी दुसऱ्या मशीनवरून बसवलेली सेव्हन तशीच उचलून एनव्हीएमईवर आणली, तर स्वागताला तोच एक्सपीच्या काळातला ७बी.

उपाय एनलाइटच्याच वंशातला होता, फक्त हत्यार मायक्रोसॉफ्टचं: डीआयएसएम ही कमांड. सेटअपच्या 'बूट' फायलीत दोन प्रतिमा असतात, त्यातल्या दुसरीत यूएसबी आणि एनव्हीएमईचे ड्रायव्हर घालायचे, मग 'इन्स्टॉल' फायलीत पुन्हा तेच. पहिल्यांदा मी फक्त बूट फायलीत घातले. सेटअप व्यवस्थित पार पडला, लॅपटॉप रीस्टार्ट झाला, समोर डेस्कटॉप आला आणि माउस पुन्हा मेलेला. काका काही बोलले नाहीत, चहा सांगितला. इंटेल आणि मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांनी हे मिसळकाम आपोआप करणारी छोटी सॉफ्टवेअरं काढली होती, हे मला त्यानंतर कळलं.

इथपर्यंत कसबाचं काम होतं. १५ जानेवारी २०१६ ला मात्र वेगळीच गोष्ट घडली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज विभागाचे प्रमुख टेरी मायर्सन यांनी जाहीर केलं की यापुढे नव्या पिढीच्या प्रोसेसरना त्या वेळची ताजी विंडोजच लागेल. इंटेलची सातवी पिढी 'केबी लेक', एएमडीची 'ब्रिस्टल रिज', क्वालकॉमची ८९९६ यांना फक्त टेन. स्कायलेकच्या ठरावीक मॉडेलांना सेव्हन आणि ८.१ साठी १७ जुलै २०१७ पर्यंत मुदत. मोठ्या कंपन्यांनी ओरड केल्यावर मार्चमध्ये ती एका वर्षाने वाढली. ऑगस्टमध्ये तर स्कायलेकपुरती ती अट सोडूनच दिली आणि सेव्हनच्या आयुष्याइतकी, म्हणजे १४ जानेवारी २०२० पर्यंतची सुरक्षा अपडेट कबूल केली. केबी लेकला सवलत नाही.

कारण दिलं होतं ते खोटं नव्हतं. नव्या चिपांचं वीज वाचवणं, इंटरप्ट हाताळणं, बसची रचना हे सगळं सेव्हनच्या अपेक्षांपलीकडे गेलं होतं, आणि फर्मवेअरला तिच्यासाठी सतत जुनेपणाचं सोंग घ्यावं लागत होतं. पण मग एप्रिल २०१७ च्या अपडेटमधून जे आलं त्याचा या कारणाशी संबंध लावणं कठीण आहे. त्या अपडेटने विंडोज अपडेटमध्ये प्रोसेसरची झडती बसवली. केबी लेक किंवा एएमडीचा नवा रायझन दिसला की संदेश: तुमच्या प्रोसेसरला विंडोजची ही आवृत्ती चालत नाही, यापुढे अपडेट मिळणार नाहीत. चालत तर होती, समोरच चालत होती! या झडतीत एएमडीच्या 'कॅरिझो' प्रोसेसरची काही मशीनंही अडकली, जी खरं तर पात्र होती. मायक्रोसॉफ्टला ती चूक मान्य करून दुरुस्त करावी लागली. तोवर एका प्रोग्रामरने ही झडती निष्प्रभ करणारं छोटं ओपन सोर्स साधन गिटहबवर टाकलंही होतं. झडती सॉफ्टवेअरमधल्या एका होय-नाहीवर उभी होती, हे त्यातून उघड झालं.

काकांना अपडेटचं सोयरसुतक नव्हतं, त्यांचा लॅपटॉप नेटला लागतच नसे. पण झाकण मिटून उघडलं की तो कधी जागा व्हायचा, कधी नाही. शेवटी टेन परत टाकली आणि आत व्हर्च्युअल मशीनमध्ये सेव्हन बसवली. टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली) त्या आतल्या मशीनला जोडून दिला. एक्सपी मोडचीच युक्ती, पण या वेळी सगळं हाताने.

पुढे वाटा आणखी आखडल्या. सीएसएम २०२० पर्यंत बंद करण्याचा बेत इंटेलने २०१७ मध्येच सांगितला होता, आणि अकराव्या पिढीपासूनच्या बहुतेक लॅपटॉपांत तो पर्याय बायोसच्या मेनूत सापडत नाही. म्हणजे सोंग घेणाराच उरला नाही. ॲपलच्या मॅकवर तर मशीन ज्या आवृत्तीसह विकलं गेलं त्याच्या मागे सहसा जाताच येत नाही, तिथे हा वाद फारसा उद्भवलाच नाही.

आता पाळी विंडोज टेनची. ५ ऑक्टोबर २०२१ ला इलेव्हन आली, टेनची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तरी काउंटरवर "टेन मारून द्या" ऐकू येतंच. टेन नव्या लॅपटॉपवर बसते, यूएसबी दिसतं, माउस हलतो. पण इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते, आणि टेनच्या सेटअपमध्ये डिस्कची यादी पुन्हा रिकामी येते. उपाय दोनच. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचा, किंवा 'लोड ड्रायव्हर' दाबून इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यायचा. एफ६ दाबायचं नसतं, फ्लॉपी तर नव्या पोरांनी पाहिलेलीही नसते. पण इंटेलकडून उतरवलेल्या त्या ड्रायव्हरच्या फोल्डरचं नाव वाचलं तर ते आहे 'एफ६-व्हीएमडी-एफएलपीवाय'. त्यातलं शेवटचं 'एफएलपीवाय' म्हणजे फ्लॉपी.