गावात केलेलं आणि गावाने केलेलं

शाळेत विभक्ती पाठ करताना सप्तमी (‘गावात’) आणि तृतीया (‘गावाने’) या दोघींचा सारखाच कंटाळा यायचा. पंचायतीच्या कागदांत हेच प्रत्यय पुन्हा भेटतात आणि तिथे मात्र त्यांच्यावर बरंच काही अडून असतं. ‘दिव्यांगांच्या समावेशनासाठी गावात उपक्रम झाला’ आणि ‘गावाने उपक्रम केला’ ही दोन वाक्यं अहवालांत सर्रास एकमेकांच्या जागी लिहिली जातात. दोन्हींवर मथळा एकच, ‘लोकसहभाग’. फोटोही साधारण सारखेच: समई, फलक, हार. पण एक झालं की दुसरं आपोआप होतं असं नाही.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. देवळाच्या भजनी मंडळात आहे, जत्रेच्या नाटकात पडेल ते काम करतो आणि पंचायतीच्या सभागृहात शिबिर असलं की खुर्च्या लावायला हटकून असतो. त्यामुळे दोन्ही प्रकार जवळून पाहिलेत.

आधी सप्तमी. गावात होणारा उपक्रम म्हणजे बहुतेक वेळा शिबिर. तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्रं देणारी केंद्र सरकारची ‘एडिप’ योजना १९८१ पासून चालू आहे आणि तिच्यातली बरीच साधनं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातून येतात. एक दिवस मोजमाप, मग काही महिन्यांनी वाटप. आमच्याकडच्या वाटपाला लोकांना सकाळी नऊला बोलावलं होतं. पाहुणे साडेअकराला आले. तोवर ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता ती माणसं बाजूच्या रांगेत, कारण पुढच्या दोन रांगांवर ‘राखीव’ असं चिकटवलेलं होतं. ते कागद मीच चिकटवले होते, हेही सांगून टाकतो. एका पोराच्या कुबड्या आखूड निघाल्या. मधल्या महिन्यांत तो वाढला होता.

म्हणून शिबिरं वाईट का? अजिबात नाही. कृत्रिम पाय, कानाची तपासणी, दिव्यांगत्वाचा दाखला यांतलं काहीही गाव आपल्या जोरावर करू शकत नाही. त्याला डॉक्टर लागतात, कारखाना लागतो, सरकारचा पैसा लागतो. २०११च्या जनगणनेत गोव्यात सुमारे ३३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, तीही जुन्या, आखूड वर्गवारीनुसार. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. एवढ्या सगळ्यांचा भार शेजारधर्मावर टाकून सरकारने हात झटकले, तर तो लोकसहभाग नव्हे, पळवाट.

पण त्या वाटपातल्या एका तीनचाकीचं पुढे काय झालं ते ऐका. ती ज्यांना मिळाली त्या काकांचं घर रस्त्यापासून खाली, माडांच्या बागेत. घरापासून रस्त्यापर्यंत चाळीसेक पावलांची पायवाट. मध्ये दोन ठिकाणी चिऱ्यांच्या पायऱ्या आणि शेवटी कुंपणाच्या भिंतीतली एक खिंड, माणूस आडवा होऊन जाईल एवढी. तीनचाकी रस्त्यावरच्या शेडमध्ये राहिली. पावसाळ्यानंतर तिच्यावर माडाची चुडतं रचलेली दिसली. कानपूरहून गोव्यापर्यंतचा प्रवास सरकारने केला, उरलेली चाळीस पावलं कुणाच्याच योजनेत नव्हती. भिंत एकाची, बाग दुसऱ्याची, पायवाट वहिवाटीची. ती खिंड रुंद करायची तर कोणाकडे जाऊन, कुठल्या वेळी, काय बोलायचं हे फक्त गावाला माहीत असतं.

इथून तृतीया सुरू होते.

ही गल्लत आपलीच आहे असं समजू नका, जगभर झाली. १९७८च्या, प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आल्मा आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने समुदाय आधारित पुनर्वसनाची कल्पना पुढे आणली. मोठ्या शहरातल्या संस्थेत जाणं गरिबाला परवडत नाही, तर उपचारच गावात न्यावेत, घरच्यांना व्यायाम शिकवावेत, असा तिचा सुरुवातीचा सूर. म्हणजे ठिकाण बदललं, करणारे बरेचसे तेच राहिले. १९९४ साली तीन आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून तिची व्याख्या केली, २००४ मध्ये ती सुधारली, आणि २०१०च्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण असे पाच खांब आले. आता तर ‘पुनर्वसन’ हा शब्दही मागे पडून ‘समुदाय आधारित समावेशक विकास’ असं म्हणतात. शब्द बोजड आहे, पण मधला फरक मोलाचा आहे: पुनर्वसन माणसाचं करायचं असतं, समावेशक व्हायचं असतं गावाने. आपल्या २०१६च्या कायद्याचं कलम ५ दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क देतं आणि कलम २९ सांस्कृतिक जीवनाचा. जत्रा, नाटक, सप्ताह हे काही कायद्याबाहेरचे लाड नव्हेत.

आता नाटकाची गोष्ट. आमच्या वाड्यावर एक तरुण आहे, जन्मापासून ऐकू येत नाही. शिबिरातलं श्रवणयंत्र त्याच्या कपाटात आहे, कारण त्याला त्यातून नुसता कलकलाट मिळतो. जत्रेच्या नाटकाला सगळे त्याला मायेने पहिल्या रांगेत बसवायचे. एका तालमीला त्याची आई आली आणि दिग्दर्शकाला म्हणाली, “बाबा, त्याला पुढे बसवू नकोस. तीन तास तोंडं हललेली बघून त्याने करायचं काय? दोरी दे हातात.” दर्शनी पडद्याची दोरी. दिग्दर्शक गांगरला. पडदा शिटीवर चालतो, शिटी याला कशी कळणार? तो पोरगा विंगेत गेला, खिशातला टॉर्च काढला आणि प्रॉम्प्टरच्या तोंडासमोर दोनदा चालू-बंद केला. बस्स. लाइटवाल्याने दोरीपाशी लाल झिरोचा बल्ब टांगला आणि बटण प्रॉम्प्टरच्या हाताशी आणलं. एकदा लुकलुकला की तयार, दुसऱ्यांदा लुकलुकला की ओढ. त्या वर्षी पडदा एकदाच चुकला, तोही प्रॉम्प्टर संहितेचं पान शोधत होता म्हणून. पुढल्या वर्षी दुसऱ्या वाड्याचं नाटक होतं, दोरीवर ऐकू येणारा माणूस होता, तरी बल्ब तिथेच राहिला. ऑर्गन आणि तबला रंगात आले की शिटी कुणालाच ऐकू येत नाही, हे एरवी कोण कबूल करणार?

यात अनुदान नव्हतं, फलक नव्हता, फोटो तर नाहीच. पण ‘गावाने’ म्हणजे नेमकं काय, हे मला त्या बल्बाने समजलं. अडचण ज्याची, तोड त्यानेच काढली. इतरांनी आपली रीत थोडी हलवली. आणि तो नसतानाही ती रीत टिकली. या तिन्हींतली पहिली गोष्ट सगळ्यात जास्त निसटते. आपण ‘गावाने दिव्यांगांसाठी’ असं म्हणतो तेव्हा ‘गाव’ या शब्दातून दिव्यांगांना नकळत वजा केलेलं असतं. गाव इकडे, ते तिकडे, मध्ये मदतीचा हात. तो पडदा ओढणाराही ‘गावाने’मधलाच ‘गाव’ आहे.

सप्ताहाचंही तसंच. अहोरात्र भजन, गटागटांच्या पाळ्या ठरलेल्या, पाळी चुकली की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. दिव्यांग माणसाला दर्शनाला आणून सोडणं वेगळं आणि रात्री दोनच्या पाळीला तो आला नाही म्हणून फोन करून कान उघडणं वेगळं. ज्याच्या न येण्याने कुणाचं अडतं, तो आत आला असं मी समजतो.

एक फसवा प्रकार मध्येच आहे, त्याचं नाव पंचायत. पंचायतीने केलं म्हणजे गावाने केलं, असा सरळ हिशेब आपण मांडतो. आमच्या पंचायत कार्यालयाला दारापर्यंत दीड फुटाची उंची आहे. रॅम्पच्या उताराचं प्रमाण एकास बारा हवं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट हवेत. आमचा रॅम्प सहा फुटांचा आहे. त्यावरून चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी कोणीही वर नेऊ शकणार नाही, आणि उतरताना तर मागे धरायला दोन माणसं लागतील. खाली शोभेची कुंडी आहे. सध्या रॅम्पचा उपयोग स्कूटर वर चढवून सावलीत लावायला होतो. ठेकेदाराने बांधला, अभियंत्याने मोजला, बिल निघालं. चाकाच्या खुर्चीवरचं एकही माणूस बांधायच्या आधी तिथे बोलावलं गेलं नाही. पंचायतीचा ठराव असूनही हे ‘गावात’ केलेलं काम आहे, ‘गावाने’ केलेलं नाही.

उलट, बाहेरून आलेला उपक्रम गावाचा होऊ शकतो. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांच्या समावेशनाचा पहिला पर्पल फेस्ट झाला. तो राजधानीतला मोठा सोहळा, म्हणजे सप्तमीच. पण आमच्या इथून गेलेल्या एका आईने परत आल्यावर देऊळ समितीला विचारलं, “तिथे सगळीकडे खुर्ची जाते, मग आपल्या सभामंडपात का नाही?” समितीची अडचण खरी होती: रस्त्यावर फिरलेली चाकं आत कशी घ्यायची? वाद झाला, दोन बैठका झाल्या. शेवटी देवळाने स्वतःची एक चाकाची खुर्ची घेतली, ती आतल्या आतच वापरायची. सोवळं राहिलं आणि माणूसही आत आला. असला तोडगा पणजीच्या कुठल्याच कार्यालयातून निघाला नसता.

मात्र तृतीयेचं फार कौतुकही नको. गावाला जशी माया असते तशी हेकटताही असते. मानसिक आजार असलेल्या मुलीला घरातच ठेवा, तिच्या बहिणीचं लग्न व्हायचंय, हे सांगणारं गावच असतं. वाकड्या चालीवरून टोपणनाव पाडणारंही गावच. आणि ‘गाव सांभाळतं’ म्हणताना प्रत्यक्षात एकटी आई सांभाळत असते, हे तर नेहमीचंच. अशा वेळी बाहेरचा माणूस, कायदा, राज्य दिव्यांगजन आयुक्त यांचं दार वाजवावंच लागतं.

तेव्हा कोणी ‘लोकसहभागातून समावेशन’ असं पत्र घेऊन आलं, तर मी दोनच गोष्टी विचारतो. यादी कोणी केली, आणि तुम्ही गेल्यावर काय उरणार? पहिल्याचं उत्तर ‘पंचायतीकडून नावं घेतली’ असं आलं की मी खुर्च्या लावतो, चहा सांगतो, साधनं मिळतात त्यांचा आनंदही मानतो, पण मनात सप्तमी लिहून ठेवतो.

रॅम्पचा विषय आता ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आला आहे. कुबड्या घेऊन चालणाऱ्या एका वहिनींनी अर्ज दिला, खाली आम्ही सतरा जणांनी सह्या केल्या. अठरा फूट लांबी बसवायची तर सरळ जागा नाही, वळण द्यावं लागेल आणि स्कूटरवाल्यांची सावली जाईल, त्यावरून आताच कुरबुर सुरू झाली आहे. सभा रविवारी आहे. ती भरते पंचायतीच्या पहिल्या मजल्यावर आणि वर जायला जिनाच आहे. खालच्या शाळेच्या वर्गात सभा घ्या, असा दुसरा अर्ज कालच नेऊन दिला. पोच मिळाली, उत्तर अजून नाही.