स्टेनलेसचा बोल्ट डेकखाली कसा गंजतो

‘स्टेनलेस आहे, गंजायचा प्रश्नच नाही,’ हे वाक्य कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कुणीही सांगेल. शिडाच्या फायबर बोटीत नेमका हाच भरवसा नडतो.

या बोटीचं पोट आणि वरचा डेक वेगवेगळ्या साच्यांतून निघतात. काठावर दोन्हींच्या कडा एकमेकींवर ठेवून, मध्ये सीलंट (फट बुजवणारा चिकट लेप) भरून अनेक बोटींत 10-15 सेंटिमीटरवर एकेक बोल्ट मारतात. वाऱ्याच्या जोराने बोट पिळवटते, सीलंट सुटतं आणि पाणी बोल्टच्या भोकात जाऊन बसतं.

स्टेनलेस टिकतं क्रोमियममुळे. 304 या नेहमीच्या प्रकारात ते सुमारे 18 टक्के असतं. ऑक्सिजन मिळाला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर धरतो. ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. भोकातल्या पाण्यातला ऑक्सिजन मात्र संपतो आणि नवा आत पोचत नाही. मग धातूचे धन आयन, म्हणजे धन भार असलेले कण, पाण्यात उतरतात, त्यांच्या ओढीने मिठातले क्लोराइड आयन फटीत जमतात. धातूच्या आयनांची पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल बनतं, ते थर खातं, आणखी धातू विरघळतो. चक्र आपोआप वेग घेतं. 316 या दुसऱ्या प्रकारातलं 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम हे लांबवतं, थांबवत नाही. म्हणून बोल्ट काढला की डोकं आणि नट लखलखीत, मधली दांडी तपकिरी आणि कुरतडलेली! मालवणहून आणलेली बोट गोड्या पाण्याने धुतली तरी फटीतलं मीठ निघत नाही.

सांधा कुठे गळतो ते तपासायला दोघं लागतात: आत टॉर्चवाला, बाहेर पाइपवाला. पाणी खालून वर न्यायचं, एकेका जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि गळकी जागा कळत नाही. नंतर संशयाच्या जागेवरचा एक बोल्ट काढून दांडी पाहायची.

गंजलेला बोल्ट बदलताना जुनं सीलंट खरवडून असिटोनने पुसावं. भोकाच्या तोंडाला थोडा उतार द्यावा, म्हणजे डोक्याखाली सीलंटची कडी तयार होते. सिलिकॉन नको, त्याचा अंश राहिला की पुढचं सीलंट चिकटत नाही. पॉलियुरेथेन लावून आधी हलकंच आवळावं. ते धरल्यावर बोल्टचं डोकं स्थिर ठेवून फक्त नट फिरवावा, नाहीतर धरलेलं सील तुटतं. नवी बोट पाण्यात सोडताना नारळ फोडतात. त्याने सांधा बंद होत नाही, आणि ‘आयुष्यभर वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या ट्यूबनेही नाही.

2019 आणि 2021 च्या पुरानंतर आपल्याकडे फायबर बोटींचं मोल सांगायला नको. ज्यांचा काठ असाच जोडलेला आहे, त्यांचे बोल्ट पंचगंगेच्या गोड्या पाण्यात जास्त टिकतील. पण वर्षभर उन्हात पडून सीलंट तडकतं, म्हणून पाइपची ही चाचणी मे महिन्यातच उरकावी.