सक्तीची पाठवणी : १९४५ साली ‘घरी’ धाडलेल्या सोव्हिएत माणसांची गोष्ट

युद्धकैद्याला शत्रूपेक्षा स्वतःच्याच सरकारची धास्ती का वाटावी, हे समजून घ्यायला ऑगस्ट १९४१ पर्यंत मागं जावं लागतं. जर्मन फौजा रशियात खोलवर घुसत होत्या आणि लाल सैन्याच्या तुकड्याच्या तुकड्या वेढ्यात सापडत होत्या. १६ ऑगस्टला स्टालिननं २७० क्रमांकाचा हुकूम काढला. त्यात शत्रूच्या हाती जाणारे अधिकारी फितूर ठरवले होते आणि त्यांच्या घरच्यांना अटक करण्याची तरतूद होती. शरण गेलेल्या साध्या सैनिकांच्या कुटुंबांची सरकारी मदत बंद होणार होती. स्टालिनचा स्वतःचा मुलगा याकोव जुलैमध्येच जर्मनांच्या तावडीत सापडला होता. त्याच्या बायकोलाही तुरुंगात टाकण्यात आलं.

युद्ध संपेपर्यंत सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक जर्मनांच्या कैदेत गेले. त्यातले ३० लाखांहून अधिक उपासमारीनं, थंडीनं, रोगराईनं आणि गोळ्यांनी मेले. शिवाय युक्रेन, बेलारूस, रशियातून लाखो तरुण मुलंमुली कारखान्यांत आणि शेतांवर राबवायला जर्मनीत नेली होती. छातीवर ‘ओस्ट’, म्हणजे पूर्व, असा बिल्ला लावून ती वावरत. कैदेतले काही लाख लोक जर्मन गणवेशातही गेले. कुणी स्टालिनच्या रागानं गेले, तर बरेच जण छावणीत भुकेनं मरण्यापेक्षा भाकरी बरी म्हणून. जर्मनांना मिळालेले सोव्हिएत जनरल व्लासोव यांची सेना आणि दक्षिण रशियातल्या लढवय्या घोडेस्वार समाजाच्या, म्हणजे कोसॅकांच्या, पलटणी यातूनच उभ्या राहिल्या. यातल्या काहींच्या हातून युगोस्लाव्हियात आणि इटलीत अत्याचार झाले, हेही खरं आहे आणि ते झाकण्याचं कारण नाही. पण पुढं जे घडलं त्यात गुन्हेगार कोण आणि निरपराध कोण, हे तपासायला कुणी थांबलंच नाही.

प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला नॉर्मंडीत. जून १९४४ मध्ये दोस्त सैन्य उतरलं आणि पकडलेल्या ‘जर्मन’ सैनिकांत रशियन बोलणारे निघाले. त्यांना इंग्लंडमधल्या छावण्यांत आणलं. परत पाठवलं तर यांचं काय होईल, हे लंडनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मंत्री लॉर्ड सेलबर्न यांनी विरोध नोंदवला. परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचं म्हणणं पडलं की इथं भावनेला जागा नाही. त्यांच्या बाजूनं एक कारण खरोखरच वजनदार होतं. पूर्वेकडच्या जर्मन छावण्यांतले हजारो ब्रिटिश आणि अमेरिकन कैदी लाल सैन्याच्या हाती येणार होते. आपली माणसं हवी असतील तर त्यांची द्या, असा तो हिशेब होता. ३१ ऑक्टोबर १९४४ ला सुमारे दहा हजार माणसांना घेऊन जहाजं लिव्हरपूलहून मुर्मान्स्ककडे निघाली. रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांची याल्टाची परिषद तेव्हा तीन महिन्यांहून अधिक लांब होती.

याल्टाचं नाव या प्रकरणाला कायमचं चिकटलं, पण ११ फेब्रुवारी १९४५ च्या करारात बळजबरीचा शब्दही नाही. सोडवलेल्या नागरिकांना परस्परांकडे सोपवायचं, एवढंच त्यात आहे. कुणाची इच्छा नसेल तर काय करायचं, याबद्दल करार गप्प आहे. ‘सोव्हिएत नागरिक’ म्हणजे कोण, याची रेघ १ सप्टेंबर १९३९ या तारखेवर आखली गेली. त्या दिवशी तुमचं गाव पोलंडमध्ये होतं तर तुम्ही वाचलात, सोव्हिएत हद्दीत होतं तर गेलात. लोकांनी कागदपत्रं जाळली, जन्मगावं बदलली, आपण पोलिश आहोत असं सांगितलं.

ही रेघही पाळली गेली नाही, ती ऑस्ट्रियात. मे १९४५ मध्ये कोसॅकांचा मोठा तांडा बायकामुलं, घोडे, उंट, गाड्या घेऊन आल्प्स ओलांडून लिएंत्सजवळ, द्राव नदीच्या खोऱ्यात, ब्रिटिशांना शरण आला. त्यात १९२० च्या सुमारास रशिया सोडलेले, सोव्हिएत नागरिक कधीच नसलेले लोकही होते. माजी अतामान, म्हणजे कोसॅकांचे सरदार, प्योत्र क्रास्नोव पंचाहत्तरीचे होते. कोसॅक सेनानी आंद्रेई श्कुरो यांना तर एके काळी ब्रिटनच्या राजानंच सन्मान दिला होता. २८ मे रोजी अधिकाऱ्यांना सांगण्यात आलं की ब्रिटिश सेनापती फील्डमार्शल अलेक्झांडर यांच्याबरोबर बैठक आहे, संध्याकाळपर्यंत परत याल. दीड हजाराच्या आसपास अधिकारी ट्रकांत बसले. अनेकांनी ओव्हरकोटसुद्धा बरोबर घेतला नाही. बैठक नव्हतीच. रात्र श्पिटालच्या तारकुंपणात गेली आणि दुसऱ्या दिवशी युडेनबुर्गच्या पुलावर त्यांना सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिलं. क्रास्नोव आणि श्कुरो यांना जानेवारी १९४७ मध्ये मॉस्कोत फाशी दिली.

त्या ओव्हरकोटांचा विचार माझ्या मनातून जात नाही. माणूस संध्याकाळी परतणार असला, की कोट खुंटीलाच ठेवतो.

मागं राहिलेल्यांची पाळी १ जूनला आली. पेगेत्स छावणीच्या चौकात लोकांनी लाकडी वेदी उभारली. पाद्री पूर्ण पोशाखात, देवांच्या तसबिरी आणि पताका घेऊन प्रार्थनेला उभे राहिले. बायकामुलं मध्ये आणि भोवती तरुणांनी हातात हात गुंफून केलेलं कडं. प्रार्थना चालू असताना ब्रिटिश सैनिक बंदुकीचे दस्ते आणि कुदळीचे दांडे घेऊन गर्दीत घुसले. चेंगराचेंगरीत कुंपण कोसळलं, लोक नदीकडे धावले. काही आयांनी मुलांसकट द्रावच्या पाण्यात उड्या घेतल्या. सैनिकांतले कित्येक जण रडत होते, पण हुकूम मोडला नाही. लिएंत्समध्ये त्या मृतांची लहानशी दफनभूमी आहे. दर १ जूनला तिथं अजून प्रार्थना होते.

अमेरिकेच्या भूमीवरही हेच झालं. २९ जून १९४५ ला न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स इथं १५४ कैद्यांनी जहाजावर चढायला नकार देऊन बराकीत दंगा केला. अश्रुधूर सोडून आत शिरल्यावर तिघं गळफास घेतलेले सापडले. जानेवारी १९४६ मध्ये जर्मनीतल्या डाखाऊत, नाझींच्याच जुन्या छळछावणीत, कैद्यांनी परतण्यापेक्षा स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. त्याआधी डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकेनं बळजबरी फक्त जर्मन गणवेशात सापडलेले, लाल सैन्यातून पळालेले आणि शत्रूला मदत केलेले यांच्यापुरती ठेवली होती. इटलीतल्या शेवटच्या मोहिमेला नाव दिलं होतं ‘कीलहॉल’. खलाशाला दोरीनं बांधून जहाजाच्या तळाखालून ओढायची ती जुनी शिक्षा.

नाही म्हणणारा एक देश निघाला. मे १९४५ च्या सुरुवातीला जर्मनांच्या बाजूनं लढलेले सुमारे ५०० रशियन सैनिक सरहद्द ओलांडून चिमुकल्या लिख्टेनश्टाइनमध्ये शिरले. त्या देशाला सैन्यच नाही. सोव्हिएत अधिकारी येऊन गेले, दबाव आला, पण कुणालाही बळानं पाठवणार नाही, हे त्या सरकारनं धरून ठेवलं. काही जण आपणहून गेले, राहिलेल्यांतले बरेच पुढं अर्जेंटिनाला पोचले.

परतलेल्या सगळ्यांना गोळ्या घातल्या, असं सर्रास लिहिलं जातं. ते खरं नाही. १ मार्च १९४६ पर्यंत परतलेल्या सुमारे ४२ लाख लोकांपैकी ५८ टक्क्यांच्या आसपास घरी गेले, १९ टक्के पुन्हा सैन्यात, १४ टक्क्यांहून अधिक मजूर पलटणींत आणि साडेसहा टक्के थेट गुप्त पोलिसांच्या हवाली. बहुसंख्य लोक स्वखुशीनंच परतले होते, घराच्या ओढीनं. पण साडेसहा टक्के म्हणजे पावणेतीन लाख माणसं. आणि घरी गेलेल्यांनाही ‘शत्रूच्या मुलखात होता का?’ हा नोकरीच्या अर्जावरचा प्रश्न वर्षानुवर्षं छळत राहिला. माजी युद्धकैद्यांचे हक्क रशियानं अधिकृतपणे पूर्ववत केले ते १९९५ साली.

कोरियातल्या युद्धात हाच प्रश्न पुन्हा आला. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार लढाई थांबताच कैद्यांना परत पाठवणं बंधनकारक होतं. पण उत्तर कोरिया आणि चीनच्या हजारो कैद्यांनी परत जायला नकार दिला आणि १९४५ च्या आठवणी अजून ताज्या होत्या. माणसं कत्तलीला किंवा गुलामीला देऊन शांतता विकत घेणार नाही, असं अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी १९५२ मध्ये जाहीर केलं. या एका मुद्द्यावर तह वर्षाहून अधिक लांबला, आणि तेवढा काळ लढाईत माणसं मरत राहिली.

१९५३ मध्ये तोडगा निघाला, तो भारताच्या मदतीनं. परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या होते, आणि २२ हजारांहून अधिक कैद्यांचा ताबा घेतलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेलं, तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणात गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. त्यानंतर तंबूत एकेका कैद्याला समोर बसवून विचारणं सुरू झालं : परत जायचंय का? बहुतेकांनी नाही म्हटलं आणि बऱ्याच जणांपर्यंत तो प्रश्न मुदतीत पोचलाच नाही. ८८ जणांना ना इकडे जायचं होतं ना तिकडे. फेब्रुवारी १९५४ मध्ये ते भारतीय फौजेबरोबर जहाजानं मद्रासला उतरले.