दात खाणं वेगळं, जबडा दुखणं वेगळं

सकाळी उठल्यावर गाल जड वाटतात, कानशिलं ठणकतात, जांभई देताना कानापुढे कळ येते. डेंटिस्ट विचारतात, "रात्री दात खाता का?" आपण "खात असेन" म्हणतो, आणि सगळं खापर त्या करकरीवर फुटतं. मला हे फार घाईचं वाटतं, कारण त्या घाईत झोपेची चौकशी राहून जाते.

झोपेत मेंदू काही सेकंद अर्धवट जागा होतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. हृदयाचे ठोके वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू लयीत आवळले जातात. हे दात खाणं. मोठ्या माणसांपैकी साधारण आठ टक्के लोक नेहमी दात खातात. मुलांमध्ये प्रमाण याहून जास्त. (मूल दात खातं म्हणजे पोटात जंत, असं घरोघरी सांगतात, पण निव्वळ दात खाण्यावरून जंतांचं निदान होत नाही.) दात झिजतात, कधी चिरतात, शेजारी झोपलेल्याची झोप मोडते. मात्र यांतल्या कितीतरी जणांचा जबडा कधीच दुखत नाही.

दुखणं असतं ते बहुतेकदा स्नायूंचं: गालातला मॅसेटर आणि कानशिलावरचा टेम्पोरॅलिस. चावताना, तोंड मोठं उघडताना, बोटाने दाबल्यावर ते दुखतात. ही वेदना जागा बदलून फसवते. मॅसेटरची कळ दाढेत जाणवते, टेम्पोरॅलिसची डोक्यात. मग चांगल्या दाढेचं रूट कॅनल होतं, नाहीतर मायग्रेनच्या गोळ्या सुरू होतात. दाढेच्या एक्स-रेमध्ये काही सापडत नसेल, तर दाढेला हात लावण्याआधी गालाचे स्नायू दाबून बघायला सांगावं.

दात खाल्ल्यानेच हे दुखतं का? न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जबड्याचे स्नायू दुखणाऱ्या १२४ आणि न दुखणाऱ्या ४६ स्त्रियांना त्यांनी प्रयोगशाळेत झोपवून, स्नायूंवर तारा लावून रात्रभर नोंदी घेतल्या. दोन्ही गटांत दात खाणाऱ्या निघाल्या सुमारे दहा टक्केच. "मी दात खाते" असं सांगणाऱ्या मात्र दुखणाऱ्या गटात खूप जास्त होत्या. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रुग्ण म्हणतो आणि रुग्ण म्हणतो म्हणून डॉक्टर लिहितात, असं हे चक्र असावं.

झोपेशी दुखण्याचं नातं मात्र पक्कं आहे. अमेरिकेतल्या 'ऑपेरा' या मोठ्या अभ्यासात जबडा न दुखणाऱ्या लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पुढे ज्यांना दुखणं जडलं, त्यांची झोप त्याआधीच बिघडत चालली होती. निरोगी स्त्रियांना रात्री पुन्हा पुन्हा उठवलं, तर वेदना दाबण्याची शरीराची स्वतःची ताकद कमी होते, हेही प्रयोगात दिसलं आहे. शिवाय दुखऱ्या जबड्याने झोप उडते ती वेगळीच.

दुखणं सकाळी जास्त असेल तर रात्रीचा संशय घ्यावा. संध्याकाळी वाढत असेल तर बहुधा दिवसभर दात आवळलेले असतात: लॅपटॉपसमोर, ट्रॅफिकमध्ये, फोडणी देतानासुद्धा. जेवणखाण सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायचं काहीच कारण नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, हीच जबड्याची विश्रांती. दुखणं असेपर्यंत ऊस आणि चिक्की बाजूला ठेवावी, गरम पाण्याचा शेक द्यावा.

नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं कवच) दातांची झीज वाचवतो, झोप सुधारत नाही. म्हणून तो बनवायला देण्याआधी डेंटिस्टना सांगा: घोरता का, झोपेत श्वास अडकल्याचं कुणी पाहिलंय का, रात्री कितीदा जाग येते, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत का (त्यांतल्या काहींनी दात खाणं सुरू होतं). श्वास अडकत असेल तर आधी झोपेची तपासणी करून घ्यावी, कारण काहींचा हा त्रास गार्डने वाढू शकतो. महिनोन्‌महिने झोपच लागत नसेल, तर निद्रानाशासाठी वर्तनोपचार आहेत, तेही विचारावेत.

चालताना किंवा जिने चढताना जबडा दुखत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांकडे जावं. जबड्याबरोबर छातीत दुखत असेल, घाम फुटत असेल, तर थेट इस्पितळ गाठावं. आणि पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येत असेल, डोक्याची त्वचा हुळहुळत असेल, नजर धूसर होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.