बैलपोळा : बैलाचे उपकार फेडायचा दिवस, आणि त्यामागचा हिशेब

कृतज्ञता वगैरे शब्द आता व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी गुलाबाच्या फोटोसकट येतात, त्यामुळं खरं सांगायचं तर त्याचा जरा कंटाळाच आलाय. पण आपल्याकडं शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट मनात ठेवायची किंवा तोंडानं बोलायची नव्हतीच, ती करायची होती आणि तिची तिथी ठरलेली होती. त्या दिवशी कोणाला काय द्यायचं हेही ठरलेलं. पोळा म्हणजे तेच. सध्या स्टेटसला सजवलेल्या बैलाचा फोटो टाकला की पोळा झाला असं वाटतं म्हणून म्हणलं जरा मागचं लिहावं.

आधी तारखेचं बघू, कारण पोळा महाराष्ट्रात एका दिवशी नसतोच. विदर्भ, मराठवाडा, खानदेश इकडं श्रावण अमावस्येला. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं बेंदूर, म्हणजे तिकडचा पोळाच, तो आषाढात, आणि सीमेलगतच्या गावांत कर्नाटकी बेंदूर, तो त्याच्याही आधी ज्येष्ठी पौर्णिमेच्या आसपास. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत भाद्रपदी पोळा, म्हणजे थेट सर्वपित्री अमावस्येला. कुठल्या भागात कामाला कधी उसंत मिळते आणि चालत आलेली रीत काय, त्यावर हे ठरत गेलं. श्रावण अमावस्येचंच घ्या, खरिपाची पेरणी झालेली, डवरणी-कोळपणी उरकत आलेली, रब्बीची नांगरट अजून लांब. बैलाला सुट्टी देता येईल असा हा काळ. भर पेरणीत बैल पुजत बसलं तर घरात खायचं काय, म्हणजे सणातपण व्यवहार आहेच, आणि त्यात वाईट काय नाही.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी, काही भागात तिला खांदशेकणी म्हणतात. बैलांना नदीवर नाहीतर ओढ्यावर धुवायचं, मग खांद्याला हळद आणि तूप किंवा तेल लावून चोळायचं, शेकायचं. मला या सणातला हाच भाग सगळ्यात खरा वाटतो, कारण झूल, बेगड, घुंगरं, शिंगाला हिंगूळ हे सगळं आपल्याला बघायला छान वाटतं म्हणून, बैलाला त्याचं काय. पण जू वर्षभर जिथं घासतं त्याच जागेला हात लावायचा, तिथली कातडी किती जाड झालीय, कुठं सोललंय हे त्या निमित्तानं बघितलं जायचं. मग त्याच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. त्याला पाहुण्यासारखं रीतसर बोलावणं द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास आधी त्याला, मग घरच्यांना. त्या दिवशी खांद्यावर जू ठेवायचं नाही, चाबूक उगारायचा नाही.

त्याच श्रावण अमावस्येला घरात पिठोरीची पूजा असते, आई वाण डोक्यावरून मागं धरते आणि विचारते अतिथी कोण, मग पोरं आपलं नाव सांगून ते घेतात. गोठ्यात बैल आणि घरात लेकरं, दोघांचं एकाच दिवशी. हे कोणी मुद्दाम जुळवलं का आपोआप जमलं देव जाणे, पण जमलंय छान.

आता माणसांचं. बैल हाकणारा बहुतेक वेळा मालक नसायचा, सालगडी असायचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं, दुसरीकडं पाडव्याला. पोळ्याला या गड्याला नवे कपडे, घरी जेवण, आणि विदर्भात तो बैल घेऊन दारोदार फिरला की बोजारा मिळायचा, म्हणजे थोडे पैसे. सुतारानं औत भरलेलं, लोहारानं फाळाला टोक काढून दिलेलं, मांगानं कासरे-म्होरक्या वळून दिलेल्या, वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण लागायचं त्यातपण बलुतेदाराचा हात. या सगळ्यांचं बलुतं खळ्यावर धान्यात मिळायचं आणि सणाला वरून मान. ऐकायला गोड वाटतं, पण इथं जरा थांबायला पाहिजे.

कारण मान हा जातीच्या उतरंडीनंच मिळायचा. पहिला बैल पाटलाचा, तो मानाचा, त्याच्या आधी दुसऱ्या कोणाचा तोरणाखालून गेला की भांडणं, डोकी फुटेपर्यंत. आणि ज्या बैलाची जिवंतपणी आरती करायची तोच मेला की ओढून न्यायचं काम महारांवर लादलेलं, वर त्या कामासाठी त्यांनाच शिवायचं नाही. मार्च 1927 ला महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं की मेलेली ढोरं ओढायचं आणि ते मांस खायचं सोडा. अनेक गावांत लोकांनी सोडलं, तर गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकले. पुढं 1958 च्या कायद्यानं महारवतन आणि तसली कनिष्ठ गाववतनं रद्द झाली. बैलाचे उपकार मोजणाऱ्या गावानं या माणसांचे उपकार कधीच मोजले नाहीत, आणि पोळ्यावर लिहिताना हे गाळून लिहिणाऱ्यांचा मला रागच येतो.

सरकारचापण भाग आहे यात. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं मेली तशी जनावरंही गेली, आणि लगेच 1878 ला इंग्रजांचा जंगल कायदा आला, चराऊ रानं बंद व्हायला लागली. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये शेतकऱ्याचा असूड लिहिला त्यात जंगलखात्यानं गुरांची चराई कशी हिरावली यावर चांगलंच झोडपलंय. बैलाची पूजा करायची पण त्याला चारायला रान नाही, ही अडचण तेव्हापासूनची आहे. 1972 च्या दुष्काळात आणि परत 2012-13 ला गुरांच्या छावण्या लागल्या, तेव्हा कितीतरी लोक दावणीची जनावरं घेऊन महिनोन् महिने छावणीतच राहिले. मला विचाराल तर पोळ्यापेक्षा ते मोठं काम होतं.

नागपूरकडं गोष्ट वेगळीच वाढली. लहान पोरांनी लाकडी बैल घेऊन पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी करायचा तान्हा पोळा, तो भोसल्यांच्या काळात, दुसरे रघुजी राजे यांनी चालू केला असं सांगतात, आणि आता वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला माणसापेक्षा उंच लाकडी बैल निघतात. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, इडा पिडा घेऊन जा गे मारबत म्हणत गावाबाहेर नेऊन जाळायची. आणि पोळ्याला जमलेले बैल सुटायच्या, म्हणजे पोळा फुटायच्या, आधी झडत्या म्हणजे यमक जुळवलेली गाणी म्हणतात, हर बोला हर हर महादेव, त्यात सावकारापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. म्हणजे बैलाला धन्यवाद आणि बाकीच्यांना शिव्या, एकाच मांडवात. हे मला लई आवडतं.

मग ट्रॅक्टर आला. आधी बागायतदाराकडं, मग भाड्यानं सगळ्यांकडं. दोन बैल बारा महिने सांभाळायचे म्हणजे कडबा, पेंड, डॉक्टर, आणि गोठ्यात राबणारं माणूस, आणि तेच काम ट्रॅक्टरवाला दोन तासात करून जातो. बैल कमी झाले ते प्रेम कमी झालं म्हणून नाही, हिशेब जमेना म्हणून. 2015 ला राज्यात बैलाच्याही कत्तलीवर बंदी आली, त्यानंतर म्हातारा बैल विकायचा कुठं हा प्रश्न आणखी अवघड झाला. आधी बाजारात नेऊन चार पैसे यायचे, त्यात भर घालून नवी जोडी घ्यायची. हे बोलायला कोणाला आवडत नाही, पण पोळ्याला ओवाळलेला बैलच पुढं थकला की बाजारात जायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आता बंदीमुळं तो दावणीला राहतो, नाहीतर रात्री सोडून दिला जातो आणि दुसऱ्याच्या पिकात शिरतो.

शर्यतीचं प्रकरण तर वेगळंच. 2014 ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं बैलगाडा शर्यती बंद झाल्या, 2017 ला राज्यानं कायदा बदलला तरी अडकून पडलं, डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि मे 2023 ला कोर्टानं कायदा मान्य केला. त्यामुळं शर्यतीच्या खिलार जातीच्या खोंडांचे भाव परत वर गेले. म्हणजे आज गावात जो बैल सगळ्यात तगडा, तेल लावलेला दिसतो तो बहुतेक वेळा नांगराचा नसतो, शर्यतीचा असतो, आणि पोळ्याला पुढंही तोच असतो.

2023 मध्ये लम्पी या गुरांच्या चामडीच्या साथीमुळं बऱ्याच जिल्ह्यांत पोळा घरच्या घरी करायला सांगितला, बैल एकत्र आणू नका म्हणून. खूप जणांनी ऐकलं, खांदेमळणी गोठ्यातच केली, मिरवणूक नाही, मान नाही, डीजे नाही. ज्यांच्याकडं बैल उरलेच नाहीत ते आता मातीची जोडी आणून पुजतात, आणि काही ठिकाणी ट्रॅक्टरच्या बोनेटला हार घालून बाजूला पुरणपोळीचा नैवेद्य ठेवतात, मग तो नैवेद्य ड्रायव्हर खातो, ज्याला सालगड्यासारखे नवे कपडे मात्र कोणी घेत नाही.