गुणात्मक संशोधनाचा आराखडा

गुणात्मक संशोधनाचा आराखडा : माणसांचे अनुभव, त्या अनुभवांना ती देत असलेले अर्थ आणि त्यांचे रोजचे व्यवहार यांचा मुलाखती, निरीक्षण, गटचर्चा व कागदपत्रे यांच्या आधारे अभ्यास करण्यासाठी केलेली पूर्वयोजना. संख्यात्मक संशोधनात सामग्री गोळा करण्यापूर्वी आराखडा सहसा पक्का करतात. येथे मात्र पहिल्या काही मुलाखतींनंतर मूळ प्रश्नही बदलू शकतो. म्हणूनच जोसेफ मॅक्सवेल (१९९६) यांनी उद्दिष्टे, संकल्पनात्मक चौकट, प्रश्न, पद्धती व वैधता ही पाच अंगे परस्परांवर अवलंबून असलेली मानली. नवोदितांना पायऱ्यांच्या ठरीव क्रमापेक्षा ही मांडणी अधिक उपयोगी पडते.

या परंपरेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्की यांच्या न्यू गिनीजवळील ट्रोब्रिअँड बेटांवरील क्षेत्रकार्यात (लोकांमध्ये राहून केलेल्या अभ्यासात; सु. १९१५–१८) पाहतात, तर काही शिकागो विद्यापीठातील १९२० च्या सुमाराच्या शहरी अभ्यासांत. तथापि शिकवता येईल अशी स्पष्ट कार्यपद्धती म्हणून तिची मांडणी बार्नी ग्लेझर व अँसेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांच्या १९६७ च्या ग्रंथापासून धरणे सयुक्तिक वाटते. सामग्रीतूनच सिद्धांत उभा करण्याच्या या पद्धतीला ‘ग्राउंडेड थिअरी’ म्हणतात. पुढे दोघांत फूट पडली. स्ट्रॉस व ज्युलिएट कॉर्बिन यांनी १९९० मध्ये विश्लेषणाच्या पायऱ्या तपशिलाने आखून दिल्या. त्यामुळे सामग्रीवर साचे लादले जातात, असा आक्षेप ग्लेझर यांनी १९९२ मध्ये घेतला. आपल्या विषयावरचे पूर्वसाहित्य आधी वाचावे की नाही, ही नवोदितांना पडणारी शंका याच वादाशी निगडित आहे. वाचावे, पण त्यातील वर्गवारी मुलाखतीच्या प्रश्नांत उतरवू नये, हा मध्यममार्ग आता बराच रूढ आहे.

प्रश्न घडवणे हे सर्वांत कष्टाचे काम. ‘रात्रपाळीचा परिचारिकांच्या कामावर किती परिणाम होतो?’ हा प्रश्न मोजमाप मागतो. मुलाखतींतून त्याचे उत्तर मिळणार नाही. ‘रात्री रुग्णाची प्रकृती बिघडू लागल्यास डॉक्टरांना केव्हा उठवायचे, हे परिचारिका कसे ठरवतात?’ हा प्रश्न गुणात्मक अभ्यासाला पेलतो. मात्र तोही मुलाखतीत जसाच्या तसा विचारायचा नसतो. ‘अशी एखादी रात्र आठवते का? सुरुवातीपासून सांगा,’ असे म्हटले की प्रसंग हाती लागतो. ‘का’ विचारले की अनेकदा समर्थन ऐकावे लागते.

सहभागींची निवड सहेतुक असते. विषयाचा अनुभव असलेली माणसे शोधावी लागतात. किती मुलाखती पुरेशा, यावर बरेच लिहिले गेले आहे. नव्या मुलाखतीतून नवे काही हाती लागेनासे झाले की ‘संपृक्तता’ आली असे म्हणतात. ग्लेझर–स्ट्रॉस यांच्याकडे मात्र ही कसोटी मुलाखतींच्या संख्येसाठी नव्हे, तर सिद्धांतातील प्रवर्गांसाठी (सामग्रीतून घडवलेल्या संकल्पनांसाठी) होती. गेस्ट, बन्स व जॉन्सन यांनी २००६ मध्ये घाना व नायजेरियातील स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा पहिल्या १२ मुलाखतींतच संपृक्तता बव्हंशी आलेली दिसली. तेव्हापासून ‘१२’ हा आकडा संशोधन-प्रस्तावांत नियमासारखा उद्धृत होतो. तसे करणे योग्य नाही : तेथील सहभागी बरेच एकजिनसी होते, प्रश्नावलीही साचेबद्ध होती. ब्राउन व क्लार्क यांनी तर आपल्या चिंतनशील आशयसूत्र-विश्लेषणात (सामग्रीतील समान अर्थसूत्रे संशोधकाने स्वतःच्या भूमिकेचे भान ठेवून घडवण्याच्या पद्धतीत) संपृक्ततेची कल्पनाच गैरलागू ठरवली. माल्टेरुड व सहकाऱ्यांची ‘माहितीशक्ती’ (२०१६) ही कसोटी अधिक समाधानकारक आहे. उद्दिष्ट नेमके, सहभागी विषयाशी घट्ट जोडलेले, सिद्धांताचा आधार भक्कम आणि संवाद सकस असेल, तर कमी माणसे पुरतात. अनेक प्रकरणांची तुलना करायची असल्यास अधिक लागतात. नवोदितांनी प्रस्तावात अंदाजे संख्या व ती बदलण्याची कारणे दोन्ही नोंदवावीत.

सामग्रीचे विश्लेषण पहिल्या मुलाखतीपासूनच सुरू करतात. विश्वसनीयतेसाठी लिंकन व गुबा (१९८५) यांचे विश्वासार्हता (निष्कर्ष सहभागींच्या अनुभवाशी जुळणे), स्थानांतरणीयता (ते अन्य संदर्भांत लागू पडू शकणे), अवलंबनीयता (संशोधनाची प्रक्रिया सुसंगत व तपासता येण्याजोगी असणे) व पुष्टिक्षमता (निष्कर्ष संशोधकाच्या कलावर नव्हे, तर सामग्रीवर आधारलेले असणे) हे चार निकष प्रचलित आहेत. सहभागींची संमती एकदाच घेऊन भागत नाही. लहान संस्थेत नाव बदलले, तरी हुद्दा आणि प्रसंग यांवरून माणूस ओळखू येतो. म्हणून कोणता तपशील गाळायचा, हे शक्यतो त्या व्यक्तीलाच विचारून ठरवावे.